निरोप कुणाचा, शालन?

शालन,

काल सकाळी मोहन भावोजींचा फोन आला. "सुलभाताई, परसातली ती तार काढू काय?" असं विचारत होते. मी म्हटलं, तुमचं परस, तुमची तार, मला कशाला विचारता? तर म्हणाले, "तसा न्हय. इतकी वर्सा तिच्यार कपडे वाळत घालूक दिल्यान नाय. आता घालूक गेलंय तर हात उचलना नाय." आम्ही दोघंही हसलो. तार राहू दे, कपड्यांना दुसरी दोरी बांधा, असं मी सांगितलं. "होय, तसाच करतंय," म्हणाले. बहुतेक एवढं ऐकायलाच त्यांनी फोन केला होता.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. पेपरात तुझा फोटो आला, कुठल्या खात्यात नोकरी केलीस, मागे कोण कोण आहे, ते सगळं छापून आलं. मी ते वाचलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. लोक भेटायला येतात तेव्हा मी तुझ्याबद्दल बरंच काही बोलते. तुझ्याशी बोलायचं मात्र राहूनच जातंय. म्हणून आज बसले.

आपण भेटलो ते कुडाळला, त्या वर्गात. आठवतं? परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि घरातून बिनतारी संच चालवायचा, यालाच हॅम रेडिओ म्हणतात, हे मला शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे ठाऊक होतं. मोबाइलचा मनोरा नको, केबल नको. एक सेट, एक बॅटरी आणि झाडाला बांधलेली एक तार एवढ्यावर माणूस माणसाशी बोलू शकतो. निवृत्तीनंतर काहीतरी नवीन करू म्हणून मी आले होते. वर्गात सगळी कॉलेजची मुलं, आणि मागच्या बाकावर तू, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी लाल माठाची जुडी. मी शेजारी येऊन बसले, तर तू पहिलं वाक्य काय बोललीस? "तुमीपण पेन्शनीत?"

टेलिफोनच्या ऑफिसात तू ट्रंक कॉल जोडून द्यायचीस, ही गोष्ट परत निघताना कुडाळच्या स्टँडवर कळली. तिथेच तू आलीस कशाला तेही सांगितलंस. आदल्या पावसाळ्यात तुमच्या गावाचा फोन आठवडाभर बंद होता. "जल्मभर लोकांच्यो लायनी जोडून दिलंय. आणि माझ्याच गावाची तुटली तेव्हा मी घरात हातार हात ठेवन बसलंय," तू म्हणालीस.

मोर्सची टिंब-रेघांची लिपी शिकताना आपण काय काय केलं! एसटीतून जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि एकेक अक्षर तोंडाने वाजवायचं, दिट दा, दा दिट. एकदा कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि आपल्या दोघींच्या सीटपाशी थांबलाच. "मावशी, बरा वाटता मां?" त्याने तुला विचारलं. तू अगदी सरळ चेहऱ्याने उत्तर दिलंस, "बरा वाटता. मेडिकलाची पाटी वाचतंय." तो पुढे गेला, पण उतरेपर्यंत मागे वळून बघत होता. गोव्याला परीक्षा देऊन बाहेर आलो तेव्हा तू मला म्हणालीस की आता नापास झालो तरी चालेल, इतकं हसायला झालं या वयात. आपण पास झालो. तुला माझ्याहून जास्त गुण पडले, आणि ही गोष्ट तू मोहन भावोजींना माझ्यादेखत सांगितलीस, माझ्यामागे सांगायची सभ्यता तुझ्यात नव्हती.

मग रविवार सुरू झाले. दर रविवारी सकाळी, नाश्त्याच्या आधी, जिल्ह्यातले आपण पाच-सहा जण ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर सेट लावून सराव करायचो. त्याचे नियम तुझे. घरातली वीज बंद करायची, सेट बॅटरीवर चालवायचा. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे चुकूनसुद्धा हात जायला नको. निरोप कुणाला, कुणाकडून, आणि मजकूर काय, या क्रमाने सांगायचं. ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचं आणि शब्द न् शब्द परत वाचायचा. वाचताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पहिल्यापासून.

शब्द कळला नाही की अक्षरं फोडून सांगायची असतात. त्यासाठी तू मासळीबाजार उभा केलास. प पापलेटातला, ब बांगड्यातला, स सुरमईतला, त तारलीतला, म मोरीतला. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे मासे खात नाहीत, माझ्या तोंडी मोरी कुठे घालतेस? मी आंबा, फणस, काजू सुरू केलं. दोन रविवार आपला यावरून वाद चालला आणि शेवटी बाकीचे वैतागले. मग तू माझ्याशी बोलताना झाडं आणि इतरांशी बोलताना मासे, असा तोडगा काढलास. त्यातही 'ण' आला की दोघींची पंचाईत व्हायची.

मला कंटाळा यायचा, हे तुला ठाऊक होतं. क्लोरीनच्या गोळ्या, होडीची गरज, अमुक वाडीत इतकी माणसं अडकली, असले बनावट निरोप रविवारमागून रविवार पाठवून माझा जीव विटला. एकदा माझी पाळी आली तेव्हा मी पाठवलं, "शालन हिस, सुलभाकडून. आंबोळ्या झाल्या आहेत. चटणी संपली आहे. मदत पाठवा." मग तू तो मजकूर पहिल्यापासून परत वाचलास, एकही शब्द न गाळता, पूरग्रस्तांचा निरोप वाचावा तितक्या गंभीरपणे, आणि विचारलंस, "चटणी खोबऱ्याची की शेंगदाण्याची, ते मजकुरात नाही. स्पष्ट करा."

तुला या कामाचा तसा कंटाळाच नव्हता. ऑफिसातली सवय असणार. पंचवीस-तीस वर्षं तू माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिलेस आणि मधून बाजूला झालीस. गावातल्या बायका म्हणे तुला अडवून विचारायच्या, अमक्याचा मुंबईहून फोन आला तो काय म्हणाला गो? आणि तू सांगायचीस, "लायन साफ होती." बस्स. त्यापलीकडे अक्षर नाही. मोहन भावोजी मला सांगत की लग्न ठरलं त्यावेळी त्यांच्या आईने त्यांना धोक्याची सूचना दिली होती, ही मुलगी घरात काही बोलायची नाही बघ. ते म्हणाले, "आयेन अर्धाच खरा सांगितल्यान."

आता त्या वादळाचं बोलू. त्यावरून आपलं भांडण झालं आणि ते मिटलंच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ते आलं. किनाऱ्याला धरून वर सरकलं आणि तुमच्याकडचे माड, विजेचे खांब, फोनचे मनोरे सगळं आडवं करून गेलं. सावंतवाडीत आमच्याकडे झाडं पडली, कौलं उडाली, पण फोन मधूनमधून लागत होता. तुमच्याकडचा एकही नंबर लागत नव्हता. वारा उतरल्यावर सकाळी मी सेट लावला, गाडीची बॅटरी घरात आणून. बराच वेळ नुसती खरखर. मग तुझा आवाज आला. थकलेला, पण तोच, ऑफिसातला. "मालवणकडून शालन. कुणी ऐकतंय का?"

तुझी माडावरची तार तुटली होती. भावोजींनी पेरूच्या झाडापासून विहिरीच्या रहाटापर्यंत नवी बांधली होती, तीही जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवर. तेवढी पुरली. सांगायला नको, मला रडू आलं. तू मला रडू दिलं नाहीस. "निरोप आहेत. लिहून घे," म्हणालीस.

तुमच्या अंगणात गावातली माणसं रांगेत उभी होती, हे मला तू न सांगता कळत होतं. मागे बोलणी ऐकू यायची, कुणी पोराला ओरडायचं. मुंबईत, पुण्यात, आखातात असलेल्या मुलांना निरोप. आम्ही बरे आहोत. घर शाबूत आहे. छप्पर गेलं पण माणसं बरी आहेत. एका आजीने पाठवलं, "पायरीचं कलम पडलं, तेवढंच वाईट वाटतं. आम्ही बरी." मी ते सगळं लिहून घेत होते, परत वाचत होते, आणि मधल्या वेळात फोन लागेल तसे त्या त्या मुलांना फोन करत होते. पायरीच्या कलमाचा निरोप ऐकून तिचा नातू दुबईत ढसाढसा रडला. तुला हे मी नंतर सांगितलं होतं. तू फक्त "बरा झाला, पोचला" म्हणालीस.

दुपारी तो निरोप आला. "प्रकाश यास. काकांकडून. वडिलांची प्रकृती गंभीर आहे. ताबडतोब निघून ये."

प्रकाशला मी ओळखत होते. तुमच्या वाडीतला, सावंतवाडीत छापखान्यात कामाला. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहायचा आणि सकाळपासून दोनदा माझ्या दारात येऊन गेला होता, घरची काही खबर आली का म्हणून. मी निरोप परत वाचला. तू "बरोबर" म्हणालीस. पण तुझा आवाज मी इतकी वर्षं ऐकत होते. त्या "बरोबर"मध्ये काहीतरी अडकलेलं होतं.

मी विचारलं, "शालन, तू त्येंका बघलंस? कसे आसत?"

तू बोलायचं बटन दाबलेलं होतंस, कारण मला वारा ऐकू येत होता. मग म्हणालीस, "मजकूर मिळालो मां? तेवढा सांग."

मला कळलं. आपल्याकडे असंच कळवतात. माणूस गेलेला असतो आणि निरोप जातो, सिरियस आहेत, निघ. पोराने वाटेत धीर सोडू नये म्हणून. मोठ्यांनी घातलेली ती रीत आहे, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण त्या दिवशी रस्ता कसा होता ते मी सकाळपासून ऐकत होते. झाडं आडवी, ओहोळ रस्त्यावर, आणि त्या पाण्यात विजेच्या तारा. बाप जिवंत आहे असं समजलं तर तो पोरगा मोटारसायकल काढणार आणि कशालाही न जुमानता घुसणार. बाप गेला हे कळलं तर तो कदाचित थांबेल, चार माणसं बरोबर घेऊन वाट मोकळी होईल तसा जाईल.

हे मी तुला सांगितलं. तोवर आपण दोघी मालवणीवर आलो होतो. कामाचं बोलणं तू प्रमाण मराठीत करायचीस, भांडण मालवणीत.

"माका म्हायत आसा, सुलभा," तू म्हणालीस. "पण ह्यो मजकूर माझो न्हय."

"मगे तू नुसता माका सांग. आसत की गेले? मी बघतंय पुढचा."

"नाय."

"मगे मी प्रकाशाक काय सांगू?"

"काय्येक सांगू नको. मी जाऊन येतंय."

"खंय जातंस? रस्त्यार तारो पडल्यात म्हणान तूच सांगितलंस मां?"

पलीकडून भावोजी बोलले. माइक भावोजींच्या हातात देऊन तू निघून गेली होतीस. त्यांनाही धड काही सांगता येईना. "गेली ती. छत्रीपण नेल्यान नाय," एवढंच.

आणि इकडे प्रकाश दारात आला. अंगात जर्किन, डोक्याला हेल्मेट, मोटारसायकल फाटकाशी लावलेली. "बाई, माझ्या घरचा काय?" तो विचारत होता. माझ्या समोरच्या कागदावर तुझा पहिला निरोप लिहिलेला होता. मी त्यावर हात ठेवला. "येतासा निरोप, जरा बस. लायन तुटता सारखी." तो बसेना. मी त्याला चहा दिला. मग म्हटलं, ही बॅटरी उतरत चाललीय, तुझ्या गाडीची काढून देतोस का? त्याने खाली जाऊन आपल्या मोटारसायकलची बॅटरी सोडवून आणली. मला ती नको होती. मला त्याची गाडी बंद हवी होती. तो वर आला, बॅटरी टेबलाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. तो मूर्ख नव्हता. त्याला काहीतरी उमगत होतं आणि तरीही तो विचारत नव्हता.

मी हेडफोन लावून बसले. नुसती खरखर. तासभर गेला असेल.

मग तुला धाप लागलेली ऐकू आली.

"पहिला निरोप रद्द. नवीन लिहून घे. प्रकाश यास. आईकडून." आणि मग तू मजकूर सांगितलास. तो मालवणीत होता. दिवसभरात आलेला एकच मालवणी निरोप. "बापूस गेलो. तू धावत येव नको. वाट मोकळी झाली काय ये. आमी थांबतंव."

मी तो परत वाचला, मोठ्याने, कारण नियम तसा होता आणि माझ्याही हातात दुसरं काही नव्हतं. प्रकाश तिथेच उभा होता. त्याने वाचलेलं ऐकलं. तू "बरोबर" म्हणालीस. मी हेडफोन काढले.

प्रकाश खुर्चीवर बसला. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. म्हणाला, "ह्या आयेनच सांगितल्यान आसा. ती असाच बोलता." मग तो रडला. आणि तो निघाला नाही. आईने धावत येऊ नको म्हटलं होतं, म्हणून तो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता साफ करणाऱ्या माणसांबरोबर, हातात कोयता घेऊन, झाडं तोडत तोडत तो गेला. तुमच्याकडच्या मच्छीमारांनी देह राखायला बंदरावरचा उरलेला बर्फ दिला होता. प्रकाशची वाट पाहिली होती सगळ्यांनी. मुलाने बापाला अग्नी दिला.

सगळं नीट झालं, शालन. तरीही वीज आल्यावर मी पहिल्या एसटीने तुझ्याकडे आले ती भांडायलाच. तू मागच्या दारी सुकट निवडत होतीस. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"एक शब्द माका सांगलं असतंस तर काय बिघडला असता?" मी म्हटलं. "आपण दोघीच होतंव लायनीर."

"आज एक शब्द मी घातलंय, तर उद्या दुसरो तू घालशीत," तू म्हणालीस, सुकटीवरून मान न उचलता. "मगे लोकांनी आपल्यार विश्वास ठेवचो कसो?"

"आणि तो तासाभरात निघान गेलो असतो तर?"

"तू थंय होतंस मां."

मी म्हटलं, तू नियमासाठी माणसाचा जीव टांगणीला लावलास. तू म्हणालीस, नियम नव्हे. मग काय? तू सांगितलं नाहीस. प्रकाशच्या घरी जाऊन तू काय केलंस, त्याच्या काकांशी काय बोललीस, तेही मी विचारलं. "लायन साफ होती," म्हणालीस. इतका राग आला मला! मग तू उठून आत गेलीस आणि सोलकढी घेऊन आलीस, आणि मी ती प्याले. पुढच्या रविवारी सराव झाला. आपण पुन्हा मासे आणि झाडं सुरू केली. पण तो वाद राहिला. मधूनमधून निघायचा. तू पुढे कधीही त्याच्यात हरली नाहीस आणि मीही नाही.

गोव्याच्या दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा मनात होतं की आता तरी विचारावं. लोकांना असं ऐकायला आवडेल की शेवटी तू पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने मोर्स वाजवलंस. तसं काही झालं नाही. तू पेज मागितलीस आणि तिच्यात मीठ नाही म्हणून कुरकुरलीस. नर्सला मीठ का चालत नाही ते सविस्तर विचारलंस आणि तिने सांगितलेलं परत म्हणून दाखवलंस. मला म्हणालीस, "रविवारचा बंद ठेव नको." मी "नाय" म्हटलं. बाहेर पडताना तुझ्या पायावरची चादर सारखी केली. एवढंच झालं.

तुझ्या बाराव्याला तुमच्या ओटीवर प्रकाशची आई भेटली, सरस्वतीकाकी. मी सावंतवाडीची बाई, तो निरोप घेतला ती, असं भावोजींनी सांगितल्यावर तिने माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं. आणि तू जे मला कधी सांगितलं नाहीस ते तिने सांगितलं.

"सगळे माका धरून बसलेले," काकी म्हणाली. "कोण पाणी पी म्हणता, कोण रड म्हणता. दिरान परस्पर निरोप धाडल्यान. तो वायट नाय हां, पोराक धक्को बसात म्हणान. मगे ही इली. चिखलान भरलेली, पायाक लागलेला. दिराक काय एक बोलूक नाय. सरळ माझ्या बाजूक येऊन बसली. म्हणता, 'काकी, प्रकाशाक निरोप धाडूचो आसा. तू काय सांगशीत?' माका तवसर कोणी विचारूकच नाय होता. मी म्हटलंय, तेका सांग, बापूस गेलो. आणि सांग, धावत येव नको. एक गेलो, तेच्या पाठी दुसरो नको. तिणा लिवन घेतल्यान, 'तेच्या पाठी दुसरो नको' ह्या घालू काय म्हणान विचारल्यान. मी म्हटलंय, नको, तेवढा नको. मगे माका वाचून दाखवल्यान. आणि तेव्हा माका रडू इला. तवसर येवक नाय होता."

मी ओटीच्या खांबाला टेकून उभी राहिले. आत तुझा फोटो होता, हार घातलेला. तू मला म्हणाली होतीस, नियम नव्हे. तू त्या घरात काकांना समजवायला गेली नव्हतीस, खरं सांगा म्हणून भांडायलाही नाही. तो निरोप जिचा होता तिलाच कुणी विचारलं नव्हतं, आणि तू तेवढं विचारलंस. पायाला लागलेलंही मला आजवर माहीत नव्हतं. तू सुकट निवडत बसली होतीस तेव्हा पाय साडीखाली दुमडलेला होता.

शालन, तुझे आभार मानायचे तर कशाकशाचे मानू? साठीला टेकल्यावर मैत्रीण मिळाली याचे मानीन. माझ्या निवृत्तीच्या कंटाळ्यातून तू मला रविवारी सकाळी ओढून बाहेर काढलंस याचे मानीन. त्या दिवशी पंधरा-वीस घरांची माणसं जिवंत आहेत हे त्यांच्या लेकरांना माझ्या तोंडून कळलं, ते भाग्य तुझ्यामुळे माझ्या वाट्याला आलं. या वादात तू बरोबर होतीस असं मात्र मी अजून म्हणणार नाही. काकीचं ऐकल्यावर माझी बाजू लंगडी झाली हे खरं. पण प्रकाश माझ्या दारात उभा होता, तुझ्या नव्हे.

परवा कुडाळला नव्या लोकांचा वर्ग होता. तू शिकवायचीस तो तास आता माझ्याकडे आला. निरोप कसा घ्यायचा, कसा परत वाचायचा. मी त्यांना ही गोष्ट आपल्या भांडणासकट सांगितली, प्रकाशच्या घरची नावं बदलून, आणि विचारलं, तुम्ही काय केलं असतं? वर्गात जो गोंधळ झाला तो तुला आवडला असता. एक म्हणाला, मी सरळ खरं सांगून टाकलं असतं. दुसऱ्याने विचारलं, तुला कोणी अधिकार दिला? शेवटी मी हात वर करायला सांगितले. तुझ्या बाजूने जास्त हात आले. माझ्या बाजूने फारच थोडे, आणि त्यातला एक उशिरा आलेल्या माणसाचा होता, त्याने गोष्ट ऐकलीच नव्हती.

पिंगुळीची एक बाई आहे वर्गात, आरोग्य केंद्रात नर्स. तिने हात कुठेच वर केला नव्हता. तास संपल्यावर सगळे चहाला गेले आणि ती थांबली. "मॅडम," म्हणाली, "निरोप तर वेळेत पोचलो. पोरगो वाचलो. मगे तुमी इतकी वर्सा रागावलात कशाक?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. जबाबदारी, वेळेचं महत्त्व, असलं काहीतरी शाळेतलं. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही, दिसतच होतं.

खरं उत्तर तुला द्यायचं होतं. रस्त्यावर तारा पडल्या होत्या, त्या पाण्यातून तू गेली होतीस, आणि पलीकडून नुसती खरखर येत होती. प्रकाश माझ्यासमोर सुरक्षित उभा होता, त्याच्या गाडीची बॅटरी माझ्या पायाशी होती. त्या तासभरात मला त्याची काळजी नव्हती गो. मी तुझा आवाज ऐकायला बसले होते.

— तुझी सुलभा